शेपूटवाला मध्यस्थ

गोष्ट साधारण अशी असते. नवरा गेल्यावर किंवा लग्न मोडल्यावर नायिका शहर सोडून आपल्या लहानशा गावी परत येते. गावात एक जनावरांचा डॉक्टर असतो, नाहीतर अग्निशमन दलातला जवान, नाहीतर लष्करातून परतलेला, फारसं न बोलणारा कुणीतरी. दोघांनाही पुन्हा प्रेमाबिमात पडायचं नसतं. मग एका रात्री पावसात भिजलेलं, एका पायानं लंगडणारं कुत्रं नायिकेच्या दारात येऊन बसतं आणि वाचकाला तिथंच कळतं की आता या दोघांचं लग्न लागणार. उरलेलं पुस्तक ते कसं लागतं हे बघण्यासाठी.

अमेरिकेत या जातीच्या कादंबऱ्यांना 'इन्स्पिरेशनल रोमान्स' म्हणतात. ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीत बसवलेली प्रेमकथा, असं समजा. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल या लेखिकेनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा कथांचा रतीबच घातला होता. पण आजचा बाजार उभा राहिला तो १९७९ मध्ये जॅनेट ओक या कॅनडात जन्मलेल्या लेखिकेची पहिली कादंबरी धो धो खपल्यावर. पुढे १९९७ मध्ये हार्लेक्विन या प्रकाशनानं 'लव्ह इन्स्पायर्ड' नावाची वेगळी मालिकाच काढली. हार्लेक्विन म्हणजे 'मिल्स अँड बून'ची मालक कंपनी; ती पुस्तकं आपल्याकडे रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर आणि सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत खच्चून भरलेली असायची. फरक एवढाच की या मालिकेत लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, शिवीगाळ नाही, आणि नायक-नायिकेच्या प्रेमाबरोबर देवाशी असलेलं त्यांचं नातंही रुळावर यावं लागतं. शेवट गोड. त्यात तडजोड नाही.

या पुस्तकांत कुत्र्या-मांजरांची इतकी गर्दी का? मुखपृष्ठावर पिल्लू असलं की पुस्तक उचललं जातं, हे एक उत्तर झालं आणि ते खोटं नाही. पण तेवढंच असतं तर पिल्लू मुखपृष्ठावरच राहिलं असतं. कथेत त्याला कामं आहेत, आणि त्यातली काही कामं प्राणी खऱ्या आयुष्यातही करतात. काही मात्र करत नाहीत. या लेखाचा विषय तो फरक आहे.

पहिलं काम ओळख करून देण्याचं. संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात उतरून बघा. 'ब्रूनोची आई' आणि 'कोकोचे बाबा' रोज अर्धा तास गप्पा मारत असतात आणि त्यांना एकमेकांचं खरं नाव ठाऊक नसतं. सुरुवात नेहमी कुत्र्यापासून. "गोचीड झालेत का हो याला?" "कुठल्या डॉक्टरकडे नेता?" "चिकन-भात खातो की नुसतं ते पाकिटातलं?" या प्रश्नांत वैयक्तिक काही नाही. समोरच्यानं तुटक उत्तर दिलं तरी आपला अपमान होत नाही, कारण आपण विचारलं ते कुत्र्याबद्दल. त्याहून धीट माणसं सरळ कुत्र्याशीच बोलतात: "काय रे, आज ताई एकटीच आली का फिरवायला?" लेकी बोले सुने लागे, ही युक्ती आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

मानसशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांचा २०००मधला अभ्यास मला सर्वांत आवडतो, कारण त्यात पळवाटा आधीच बुजवल्या होत्या. लोक बोलतात ते कुत्रा शेपूट हलवत जवळ जातो म्हणून, असं कुणी म्हणू नये यासाठी त्यांनी अनोळखी माणसांकडे लक्षच न देणारा, तसं शिक्षण दिलेला कुत्रा घेतला. तरीही तो बरोबर असताना लोक थांबून बोलण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं. मग त्यांनी एका पुरुषाला कधी नीटनेटके, कधी गबाळे कपडे घालून उभं केलं, आणि कुत्र्याच्या पट्ट्याचंही तसंच केलं. कपड्यांनी थोडा फरक पडला. पण सर्वांत मोठा फरक कुत्रा आहे की नाही यानं पडला, कपडे कसेही असोत.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न आणखी गमतीदार केला. एक बाई कधी एकटी, कधी लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन, कधी मोठा लॅब्रॅडॉर, कधी रॉटवायलर, कधी टेडी बेअर, तर कधी चक्क झाडाची कुंडी घेऊन, आणि समोरून येणारे १८०० लोक काय करतात याची नोंद. कुंडी आणि टेडी बेअर यांचा फार उपयोग झाला नाही. लोक नुसते बघून पुढे गेले. लॅब्रॅडॉर, त्यातही पिल्लू, असलं की लोक हसले, थांबले, बोलले. रॉटवायलर असताना मात्र बरेच जण काही न बोलता निघून गेले. म्हणजे प्राणी कुठलाही चालतो असं नाही. कादंबऱ्यांत रॉटवायलर फारसा का दिसत नाही आणि गोल्डन रिट्रीव्हर जागोजागी का, याचं उत्तर यात बऱ्यापैकी आहे.

याच विषयावरचा एक फ्रेंच प्रयोग तुम्ही समाजमाध्यमांवर कधी ना कधी वाचला असेल. निकोला गेगेन आणि सर्ज सिकोटी यांचा, २००८चा. एक तरुण रस्त्यात अनोळखी मुलींना फोन नंबर मागतो. कुत्रा बरोबर नसताना सुमारे ९ टक्के मुलींनी नंबर दिला, कुत्रा असताना सुमारे २८ टक्के. आकडा इतका गोंडस आहे की 'कुत्रा पाळा, प्रेम मिळवा' छापाच्या प्रत्येक लेखात तो असतोच. त्या लेखांत न येणारी गोष्ट अशी की गेगेन यांच्या इतर संशोधनातल्या आकड्यांवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले आणि त्यांचे काही निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. हा निबंध त्यांतला आहे असं मी म्हणत नाही. पण वॉरिक आणि बेलफास्टवर मी जेवढा भरवसा ठेवीन तेवढा यावर ठेवणार नाही.

कथाकारांना मात्र विद्यापीठं निघायच्या हजारो वर्षं आधीपासून हे माहीत होतं. महाभारताच्या वनपर्वातलं नलदमयंतीचं आख्यान घ्या. तो निषधांचा राजा, ती विदर्भाच्या भीमराजाची मुलगी. तिच्या माहेरचं कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर, असं आपल्याकडे परंपरेनं मानतात. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलंय. नळ बागेत एक सोनेरी हंस पकडतो. हंस म्हणतो, मला मारू नकोस, मी दमयंतीपाशी तुझं असं वर्णन करीन की ती दुसऱ्याचा विचार करणार नाही. हंसांचा थवा विदर्भात उतरतो. मैत्रिणींच्या घोळक्यात बसलेली दमयंती ते बघते आणि सगळ्याजणी हंस पकडायला धावतात. आता खरी कारागिरी: हंस चहूकडे पांगतात आणि एकेक मुलगी एकेका हंसामागे जाते. दमयंती ज्याच्या मागे लागते तो तिला इतरांपासून दूर नेतो आणि मगच माणसाच्या वाणीत बोलतो. राजवाड्यातल्या मुलीला दोन मिनिटं एकटं गाठायचं कसं, हा कथानकातला अवघड प्रश्न एका पक्ष्यानं सोडवला. रघुनाथ पंडितांनी हे आख्यान मराठीत आणलं आणि राजा रविवर्म्यानं १८९९ मध्ये तो प्रसंग रंगवला. त्याच्या छापील प्रती कितीतरी घरांच्या भिंतींवर लागल्या. हंस काही पाळीव नव्हे, हे कबूल. पण काम तेच.

आता या सगळ्याची मर्यादा. वरचे प्रयोग पहिल्या दोन मिनिटांबद्दल आहेत. रस्त्यात कुणी थांबून पिल्लाच्या कानामागे खाजवलं म्हणून लग्न होत नाही. तिथं प्राण्याचं दुसरं, जास्त कंटाळवाणं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं काम सुरू होतं: तो वेळापत्रक लावून देतो.

लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री होते याचा अभ्यास केला होता. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे सोडून द्या, दारं किती जवळ आहेत आणि जिन्यात गाठ किती वेळा पडते यावर बरंचसं ठरत होतं. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा नुसती नजरेस पडली तरी ती आवडू लागते. कुत्रा नेमकं हेच घडवून आणतो. त्याला सकाळी साडेसहाला बाहेर जायचंच असतं. पाऊस असो, ताप असो, रविवार असो. त्याच गल्लीत दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यालाही तेव्हाच जायचं असतं. ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली तीन शहरं मिळून केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिसा वूड आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत प्राणी पाळणाऱ्यांची आसपासच्या लोकांशी ओळख होण्याची शक्यता न पाळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली, आणि अशा ओळखींतून काहींना खरोखरची मैत्री मिळाली होती. मांजरांचे मालकही यात आहेत. मांजर फिरायला नेत नाहीत, पण ती हरवते. मग जिन्याजिन्यात विचारत हिंडावं लागतं, आणि आपण गावी गेल्यावर तिला दूध कोण घालणार हाही प्रश्न असतोच. शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी लागते. किल्ली देणं ही लहान गोष्ट नाही.

चांगल्या लेखिका हे ओळखतात. त्यांच्या कथेत पिल्लाला दर चार तासांनी बाटलीनं दूध पाजायचं असतं, जखमेचं ड्रेसिंग बदलायचं असतं, आणि ते दोघांनी वाटून घ्यायचं असतं. पहाटे दोनला स्वयंपाकघरात फरशीवर बसून औषध पाजताना माणसं जे बोलतात ते हॉटेलात समोरासमोर बसून बोलत नाहीत. दोघांचीही नजर पिल्लावर असते, एकमेकांवर नाही. म्हणून जड गोष्टी बोलणं सोपं जातं. सुमार लेखिका हा सगळा भाग एका परिच्छेदात उरकतात आणि थेट सूर्यास्ताला येतात.

तिसरं काम कथांना फार प्रिय आहे: प्राणी माणसाची पारख करतो. नायिकेचा आधीचा, गुळगुळीत बोलणारा होणारा नवरा आला की कुत्रं गुरगुरतं. अबोल नायक आला की त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपतं. मुक्या जिवाशी कसा वागतो त्यावरून माणूस ओळखावा, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे "कोरडी कशी खाशील" म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेले असतात. म्हणून हे काम पटकन पटतं. पण इथंच जरा जपून.

जपानमधल्या क्योटो विद्यापीठात २०१५ मध्ये असा प्रयोग झाला की मालक एक डबा उघडायचा प्रयत्न करतोय, शेजारचा माणूस मदत नाकारतो, आणि नंतर तोच माणूस कुत्र्याला खाऊ देऊ करतो. कुत्र्यांनी अशा माणसाच्या हातचा खाऊ टाळला. पुढे सगळ्याच संशोधकांना असं आढळलं नाही. आणि आढळलं तरी त्यातून कळतं ते इतकंच की समोर घडलेलं कुत्र्यानं पाहिलं. माणसाचा पूर्वेतिहास त्याला वासावरून कळत नाही. घरात दरडावणाऱ्या माणसाच्या खिशात बिस्किटं असली तर बहुतेक कुत्री त्याच्याही पायाशी लोळतील.

शिवाय या परीक्षेत कॉपी करता येते. इस्रायलमध्ये सिगल टिफेरेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बायकांना पुरुषांची काल्पनिक वर्णनं वाचायला दिली: काही बाहेरख्याली, काही संसारी वळणाचे. मग काहींच्या वर्णनात 'त्याच्याकडे कुत्रा आहे' हे वाक्य घातलं. त्याचा फायदा बाहेरख्याली गड्याला झाला. तो जास्त आकर्षक वाटू लागला आणि जास्त टिकाऊही. प्रोफाइलच्या फोटोत मित्राचा कुत्रा उसना घेऊन बसणाऱ्यांना हे शास्त्र वाचायची गरज पडलेली नाही. (मांजरवाल्या पुरुषांनी जरा थांबावं: अमेरिकेतल्या लोरी कोगन आणि शेली व्होल्शे यांच्या २०२०च्या पाहणीत, मांजर घेऊन बसलेला तोच पुरुष तरुण मुलींना एकट्या फोटोतल्यापेक्षा कमी पसंत पडला. मला हा निव्वळ अन्याय वाटतो.)

एक गैरसमज रसायनांचाही. 'कुत्र्याला कुरवाळलं की ऑक्सिटोसिन वाहतं आणि जोडपी जवळ येतात' असं सर्रास लिहिलं जातं. ऑक्सिटोसिन म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं शरीरातलं एक संप्रेरक. मूळ अभ्यास जपानमधल्या अझाबू विद्यापीठाचा, २०१५चा. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही लघवीतल्या ऑक्सिटोसिनचं प्रमाण वाढतं, माणसाळलेल्या लांडग्यांत तसं होत नाही, असं तो सांगतो. माणूस आणि कुत्रा यांच्यातली ही गोष्ट. पट्टा धरलेल्या दोन माणसांत प्रेम उत्पन्न होतं असं त्यात कुठेही नाही.

मग इन्स्पिरेशनल रोमान्समध्येच प्राणी इतके का शोभतात? याची माझ्या मते दोन कारणं आहेत, दोन्ही त्या प्रकाराच्या नियमांतून आलेली. पहिलं साधं: जिथं नायक-नायिकेला स्पर्श करायला बंदी आहे तिथं माया दाखवायला एक अंग लागतं. नायक घोड्याच्या मानेवरून हात फिरवतो, थरथरणाऱ्या मांजरीला स्वेटरमध्ये गुंडाळतो आणि नायिका ते हात बघते. वाचकाला जे समजायचं ते समजतं, आणि नियमही मोडत नाही. दुसरं कारण धर्माचं. ख्रिस्ती विचारात ईश्वरी कृपा ही कमवायची वस्तू नाही; लायकी नसताना, मागितली नसताना मिळते ती कृपा. आता रस्त्यावरचं खरूज झालेलं कुत्रं बघा. त्यानं कुणाचं भलं केलेलं नाही, ते कदाचित चावेलही, आणि तरी कुणीतरी त्याला घरात घेतं. नायिकेला वाटत असतं की आपण मोडून गेलोय, आता आपल्यावर कोण प्रेम करणार. तिला कुणी प्रवचन देत नाही. तिच्या सोफ्यावर ते कुत्रं झोपलेलं असतं, तेवढं पुरतं. ज्या कादंबऱ्यांत पाद्री पानभर बोलतो त्या मी अर्ध्यावर सोडल्या आहेत; कुत्र्यानं सांगितलेल्या पूर्ण वाचल्या.

कादंबरी लग्नाशी थांबते. प्राणी मात्र पुढे दहा-बारा वर्षं घरात असतो. तिथलं संशोधन थोडं खट्याळ आहे. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या कॅरन अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २४० विवाहित जोडप्यांना पाहिलं. निम्म्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर. तोंडी गणितं करायला लावून, बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून रक्तदाब आणि नाडी मोजली. प्राणी जवळ असताना ताण सर्वांत कमी होता. गणितं करताना नवरा किंवा बायको शेजारी असली की सर्वांत जास्त. कारण उघड आहे: चुकलं तर कुत्रा काही म्हणत नाही.

आणि जोडपं तुटलं तर? कथांना नको असलेला हा प्रश्न कायद्याला घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात २०१९ पासून, घटस्फोटात प्राणी कुणाकडे द्यायचा हे ठरवताना त्याची काळजी कोण घेतं याचा न्यायाधीशांना विचार करता येतो. स्पेननं २०२२ पासून प्राण्यांना वस्तूंच्या यादीतून काढलं, आणि मुलांसारखा त्यांचाही ताबा दोघांत वाटून देता येतो. आपल्याकडे असा कायदा नाही, पण विषय कोर्टात येऊन गेलाय. मुंबईत वांद्र्याच्या महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे २०२३ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात एका पंचावन्न वर्षांच्या बाईंनी अंतरिम पोटगी मागितली. आपल्यावर तीन रॉटवायलर अवलंबून आहेत, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. कुत्र्यांचा खर्च धरू नये, असं नवऱ्याच्या बाजूचं म्हणणं. न्यायालयानं ते मानलं नाही. पाळीव प्राणी हाही चांगल्या राहणीचा भाग आहे, तुटलेल्या नात्यांनी आलेली पोकळी ते भरून काढतात, असं म्हणत महिना ५० हजार रुपये मंजूर केले.